पेट केअरच्या दुकानात पहिला मदतनीस: कधी घ्यायचा, काय शिकवायचं, काय सांभाळायचं

चिकोडी, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात कुत्रं म्हणजे मळ्यातली राखण, हा हिशेब अगदी अलीकडेपर्यंत होता. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळचं कुत्रं, ज्याला बरेच जण कारवान म्हणतात, ते शिकारीला आणि राखणीला. त्याची अंघोळ ओढ्यात नाहीतर मोटारीच्या पाण्याखाली. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि बघता बघता कुत्रं अंगणातून सोफ्यावर आलं. मागोमाग लॅब्राडॉर, शिह त्झू आणि आता पर्शियन मांजरं. सोफ्यावर बसणाऱ्या जनावराला अंघोळ लागते, नखं कापावी लागतात, कान साफ करावे लागतात. घरची मंडळी चार दिवस पंढरपूरला किंवा चिंचलीच्या मायाक्काला निघाली की ते ठेवायचं कुठं, हाही प्रश्न येतो.

हे काम करणारी तालुक्याच्या गावातली दुकानं बहुतेक एकखांबी असतात. मालकच अंघोळ घालतो, मालकच कात्री चालवतो, फोनही तोच घेतो आणि संध्याकाळी फरशीही तोच धुतो. पहिली दोन वर्षं हे चालतं. मग पाठ धरते, रविवार हातचा जातो आणि गिऱ्हाईक "मागच्या वेळी पण तुम्ही नाहीच म्हणाला होता" असं ऐकवून कोल्हापूरला किंवा बेळगावला गाडी वळवतं. माणूस ठेवायचा विचार तेव्हा डोक्यात येतो. बहुतेकांची गल्लतही तिथंच होते, कारण थकवा आला म्हणून माणूस ठेवला जातो, हिशेब बघून नाही.

आधी वही, मग माणूस

हिशेब फार अवघड नाही. समजा एका कुत्र्याच्या अंघोळ-कटिंगचे ७०० रुपये मिळतात आणि शॅम्पू, वीज, पाणी, टॉवेल यांचा खर्च १५० रुपये आहे. हाती उरले ५५०. मदतनिसाला महिना १५ हजार द्यायचे ठरले, तर नुसता त्याचा पगार निघायलाच महिन्याला २८ जादा कुत्री यायला हवीत. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर रोज एकाहून थोडं जास्त. आता मालकाचा वेळ बघा. एका कुत्र्याला दोन तास लागत असतील, तर त्यातला कात्रीचा वेळ फार तर चाळीस मिनिटं. बाकी सगळा वेळ भिजवणं, चोळणं, धरून ठेवणं आणि वाळवणं यात जातो. हे काम दुसऱ्यानं उचललं, तर दिवसाला चार कुत्री करणारा मालक सहा सहज करेल. दोन जादा म्हणजे महिन्याला ५२, म्हणजे २८,६०० रुपये. पगार वजा जाता १३,६०० उरतात.

कागदावर हे छान दिसतं. पण ती दोन जादा कुत्री खरंच दारात उभी आहेत का? याचं उत्तर देणारी एकच वही आहे, परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची. दोन महिने रोज लिहायचं: कोणाला नाही म्हटलं, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कशासाठी. अनेकदा असं निघतं की नाही म्हटलेली सगळी गिऱ्हाइकं रविवारची असतात आणि मंगळवारी दुकानात माशा मारायची वेळ असते. तसं असेल तर महिन्याचा पगारी माणूस नको. शनिवार-रविवार येणारं कॉलेजचं पोरगं किंवा पोरगी पुरते. वही वर्षभर चालली तर हंगामही दिसतात: दिवाळी, मे महिना, लग्नसराई, चैत्रातली जोतिबाची यात्रा, माघातली चिंचली, आषाढी. या दिवसांत अंघोळीपेक्षा कुत्री ठेवून घेण्याची मागणी जास्त असते आणि त्या कामाला लागणारा माणूस वेगळा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिलाच माणूस कात्रीचा कारागीर शोधायचा. असा माणूस इथं मिळत नाही. पुण्याहून आणला तर त्याचा पगार दुकान खाऊन टाकतो. आणि गिऱ्हाईक ज्या हातासाठी येतं तो हातच बदलला असं त्याला वाटतं. पहिला माणूस हवा तो कात्रीच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम उचलणारा. अलीकडचं म्हणजे धरणं, धुणं, वाळवणं. पलीकडचं म्हणजे फोन, नोंद, सफाई.

बिडीचा हिशेब इथं चालत नाही

निपाणीच्या भागात नगावर मजुरी ही पिढ्यांची सवय आहे. बिडी वळणाऱ्या बायकांना हजार बिड्यांमागे दर मिळतो. त्यामुळे "कुत्र्यामागे शंभर रुपये देऊ, जेवढी धुशील तेवढे तुझे" ही कल्पना मालकालाही सोपी वाटते आणि मदतनिसालाही. ती टाळलेली बरी. नगावर मजुरी दिली की माणूस घाई करतो. बिडीच्या घाईत बिडी वाया जाते. कुत्र्याच्या घाईत कानाची पाळी कापली जाते, कोमट वारा गरम होतो, घाबरलेलं जनावर चावतं. पग, शिह त्झू, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या जनावरांना आधीच श्वास कमी पुरतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत त्यांच्यावर गरम ब्लोअर सोडला तर उष्माघातानं जीव जाऊ शकतो. पाच मिनिटं वाचवायच्या नादात एखाद्या घरचं जनावर गेलं, तर चिकोडीएवढ्या गावात ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते.

म्हणून महिन्याचा ठरलेला पगारच बरा. वर द्यायचंच असेल तर बिनइजा गेलेल्या महिन्यासाठी किंवा परत आलेल्या गिऱ्हाइकांसाठी थोडी वाढीव रक्कम द्यावी. पगार ठरवताना कर्नाटकचा किमान वेतनाचा दर बघावा लागतो. त्यातला महागाई भत्ता दर वर्षी एप्रिलमध्ये बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा चालत नाही. आणि खरी स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नाहीच, ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीशी आणि साखरेच्या हंगामाशी आहे. निपाणीकडचं पोरगं बसनं कागलला जाऊन कारखान्यात काम करू शकतं. त्याला दुकानात थांबवायचं तर घराजवळचं काम, ठरलेली सुट्टी आणि पुढं उपयोगी पडणारा हुन्नर एवढंच दुकानदाराच्या हातात असतं. तेवढं तरी त्यानं मोकळेपणी द्यावं.

धरायचं कसं, हे पहिलं शिक्षण

नव्या माणसाला पहिल्या दिवशी शॅम्पू हातात देतात. खरं तर पहिला आठवडा नुसतं बघणं आणि धरणं. कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, ओठ चाटणं सुरू झालं, की कुत्रं "आता पुरे" म्हणतंय. गुरगुरणं ही त्यानंतरची पायरी. गुरगुरल्यावर फटका मारणारा माणूस ठेवूच नये. फटका खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट चावतं. शेतकरी घरातल्या पोरांना बैलाची मुसकी माहीत असते. कुत्र्याचीही तशीच असते, पण तोंड उघडून धाप टाकता येईल अशी लागते, आणि ती घालून जनावर तसंच सोडून जायचं नसतं.

सीमाभागातली एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या कुठल्याच प्रशिक्षणात सापडणार नाही. इथलं कुत्रं कोणत्या भाषेत ऐकतं? मराठी घरातलं "बस" म्हटलं की बसतं. कन्नड घरातल्याला "कुंद्रु" म्हणावं लागतं आणि बोलवायचं तर "बा इल्लि". काही घरांत सगळं हिंदीत किंवा इंग्रजीत. नोंदवहीत नाव, जात, वय, लसी यांच्याबरोबर "भाषा" हा रकाना ठेवला तर नव्या माणसाचं निम्मं काम हलकं होतं. मदतनीसही दोन्ही भाषा बोलणारा असावा, आणि तसा माणूस या भागात शोधावा लागत नाही.

दुसरं शिक्षण सफाईचं. घरात फिनाइलनं फरशी पुसायची सवय असलेला माणूस इथंही फिनाइल ओततो. मांजराच्या शरीराला फिनॉल झेपत नाही, ते पाय चाटतं आणि आजारी पडतं. शिवाय पार्व्होच्या विषाणूला फिनाइल पुरत नाही. त्याला ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. तेही आधी घाण धुऊन काढल्यावर, दहा मिनिटं तसंच राहू देऊन. आणि ही दोन्ही द्रव्यं एकत्र करायची नाहीत. गोचिडीची औषधंही अशीच फसवी. कुत्र्यासाठी असलेलं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर ते विष ठरतं. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात "फक्त कुत्रा" लिहून त्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं, एवढा साधा उपाय आहे.

चावा: यात हयगय नको

मदतनीस ठेवला म्हणजे एका माणसाचा जीव आपल्या कामाला बांधला, हे मालकानं धरून चालावं. रेबीज झाल्यावर त्यावर उपचार नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. कुत्र्यांत काम करणाऱ्यानं चावा बसायच्या आधीच लस घ्यायची असते. तीन डोस: पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. असे डोस घेतलेल्या माणसाला पुढे चावा बसला तर लगेच एक आणि तिसऱ्या दिवशी एक, असे दोनच डोस पुरतात आणि जखमेत द्यायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आधी काहीच घेतलेलं नसेल तर पूर्ण कोर्स, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही. या तीन डोसांचा खर्च मालकानं करायचा, पगारातून कापायचा नाही. डोस पूर्ण होईपर्यंत नव्या माणसाला अनोळखी किंवा लसीचा कागद नसलेल्या कुत्र्याला हात लावू द्यायचा नाही.

चावा किंवा ओरखडा बसला की पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरचीची पूड यातलं काहीही नाही. मग थेट दवाखाना. कुत्र्याच्या मालकाला तेव्हाच कळवायचं आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगायचं. "आमचा मोती कधी चावत नाही हो" हे प्रत्येक मोतीचा मालक सांगतो. म्हणून नोंदीच्या वेळी लसीचं कार्ड बघायचं आणि त्याचा फोटो ठेवायचा. कार्ड नाही तर काम नाही, हा नियम मदतनिसाच्या तोंडून नको, दुकानाच्या भिंतीवर लिहिलेला हवा. नाहीतर पाटलांच्या घरचं कुत्रं आलं की नवं पोरगं नाही कसं म्हणणार?

लसीवरून आणखी एक. दुकानात गर्दी वाढली की गिऱ्हाईक म्हणतं, "आलोयच तर इंजेक्शन पण मारून द्या की." मदतनिसाचा हात बसला की त्यालाही मोह होतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम आहे. किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र असलेला माणूस देऊ शकतो, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. अंघोळ घालणाऱ्याने सुई धरायची नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस जवळच्या पशुवैद्यकाला दुकानात बोलवावं. गिऱ्हाइकाची सोय होते आणि मदतनिसाला चार गोष्टी शिकायलाही मिळतात.

दोन राज्यांचे कागद

दुकान चिकोडी-निपाणीकडे असेल तर कर्नाटकचा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ लागू होतो. दुकान सुरू झाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करायची, मग माणूस एक असो की चार. कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, आठवड्याची सुट्टी, आणि लेखी नेमणूक पत्र. नदीपलीकडे कागल किंवा गडहिंग्लजला दुसरं दुकान काढलं तर महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आला. तिथं दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरते. ईएसआय साधारण दहा माणसांनंतर आणि भविष्य निर्वाह निधी वीस माणसांनंतर येतो, त्यामुळे सुरुवातीला त्याचं ओझं नाही. पण अपघात विम्याचं कारण शोधत बसू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये आहे. अठरा वर्षांखालचं पोरगं कामाला घेऊ नये, ओळखीतलं असलं तरी.

सीमेवर खरा घोळ होतो तो जीएसटीचा. अंघोळ, कटिंग, कुत्रं सांभाळणं या सेवा आहेत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला सेवा दिली तरी नोंदणी लागत नाही. माल मात्र वेगळा. कागलचं गिऱ्हाईक दुकानात येऊन खाद्याची पिशवी घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री. पण मदतनिसाला मोटरसायकल देऊन कोगनोळी नाक्यापलीकडे पिशव्या पोचवायला लावल्या, की ती आंतरराज्य मालविक्री झाली आणि तिला २० लाखांची सवलत नाही. माणूस हाताशी आला की घरपोच सेवेची कल्पना पहिल्याच महिन्यात सुचते. त्याआधी कर सल्लागाराला एक फोन करावा.

पिल्लं विकायचीही हौस असेल तर २०१७ चे कुत्रा पैदास व विक्रीचे नियम आणि २०१८ चे पेट शॉपचे नियम बघावे लागतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. २०१७ च्या नियमांत पैदास करणाऱ्याच्या व्याख्येत कुत्री ठेवून घेणारा, म्हणजे बोर्डिंग चालवणाराही धरलेला आहे. मुक्कामी कुत्री घेणाऱ्यांनी पशुसंवर्धन कार्यालयात याबद्दल लेखी विचारून घेतलेलं बरं. दुसरं टेबल, ब्लोअर यासाठी पैसे लागले तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पगारासाठी मात्र कर्ज काढू नये. तीन महिन्यांचा पगार बाजूला पडल्याशिवाय माणूसच ठेवू नये.

"मालक नाहीत व्हय? मग उद्या येतो"

हे वाक्य प्रत्येक दुकानदाराला ऐकावं लागतं आणि ते ऐकून मदतनिसाचा चेहरा पडतो. गिऱ्हाईक दुकानाकडे येत नसतं, माणसाकडे येत असतं. त्याच्या घरचं जनावर एका अनोळखी पोराच्या हातात द्यायला ते तयार नसतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ही अदलाबदल सावकाश करावी लागते. पहिल्या खेपेला मालक काम करतो, मदतनीस धरतो आणि मालक गिऱ्हाइकासमोर त्याचं नाव घेऊन ओळख करून देतो. दुसऱ्या खेपेला मदतनीस धुतो, मालक शेजारी उभा. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक आत आलं की कुत्रं स्वतःच मदतनिसाकडे शेपूट हलवत जातं. त्यापुढं मालकाला काही बोलावं लागत नाही. मालकानं गिऱ्हाइकासमोर मदतनिसावर ओरडणं मात्र कायमचं बंद करावं. एकदा ओरडलं की तीन महिन्यांची ओळख पुसली जाते.

एक भीती दुकानदार उघड बोलत नाहीत. शिकलेलं पोरगं उद्या समोरच दुकान टाकेल. म्हणून कात्री शिकवायचीच नाही, असं बरेच जण ठरवतात. ते टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यावर "हाच धंदा करायचा नाही" अशी अट कोर्टात उभी राहत नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन उपयोग नाही. आणि कात्री न शिकलेला माणूस वर्षभरात कंटाळून कागलची बस धरतोच. त्यापेक्षा दोन वर्षांनी संकेश्वर किंवा रायबागला त्याच्याच हातानं दुसरं दुकान चालेल, त्यात त्याचा हिस्सा असेल, हे आधीच बोलून ठेवणं जास्त व्यवहाराचं. तरी गेला तर जाईल, पण निदान जाताना भांडून जाणार नाही आणि गिऱ्हाइकांची वही घेऊनही जाणार नाही. ती वही, म्हणजे फोन नंबर आणि नोंदी, दुकानाच्या फोनमध्येच असाव्यात, मदतनिसाच्या नव्हे.

माणूस घ्यायचाच असेल तर श्रावणात घ्यावा. लसीचे डोस, धरणं, धुणं, गिऱ्हाइकांची ओळख या सगळ्याला दोन-अडीच महिने जातात आणि तोवर दिवाळी येते. दिवाळीत दुकान मुक्कामी कुत्र्यांनी भरलेलं असतं, बाहेर फटाके, आणि घाबरलेलं कुत्रं दार किलकिलं दिसलं तरी निसटतं. त्या चार दिवसांत आतलं दार आणि बाहेरचं दार एकाच वेळी उघडायचं नाही, प्रत्येकाच्या पट्ट्याला मालकाचा फोन नंबर लावायचा, आणि नव्या माणसाला रात्री एकट्याला ठेवायचं नाही. त्या रात्री मालकानं स्वतः दुकानातच झोपायचं.